डावखुऱ्याची गाठ

मणियारांनी आणलं ते मे महिन्यात,
सायकलच्या कॅरिअरला बांधून, चादरीत गुंडाळून.
मिलच्या साहेबाच्या बंगल्याचा लिलाव झाला तेव्हा
कपाटं एकानं नेली, पंखे दुसऱ्यानं,
याच्यावर बोली लागलीच नाही.
म्हणाले, ताई, तळं आहे बहुतेक.
मी पाहिलं : तपकिरी. नुसतं तपकिरी.
काढा करपून भांड्याला राहतो तसा
व्हार्निशचा थर,
आणि उजवीकडे, वर, उंदरानं खाल्लेलं आभाळ.

जुनं चित्र थुंकीनं पुसतात.
सांगितलं तर लोक हसतात.
काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर फिरवायचा,
मग बोटाच्या पेराएवढी जागा, गोल गोल.
त्या दिवसांत शेंगाचटणी बंद, ठेचा बंद,
दहीभात खाऊन बसायचं.
आणि सोलापूरचा मे!
दुपारी दोनला तोंडात थुंकी कुठली?
माठातलं पाणी पिते, वाट बघते,
मनात चिंचेचं नाव काढते,
तेव्हा कुठे अर्धा इंच उजाडतो.

पहिल्यांदा निघालं ते पाणी नव्हतं.
पिवळट माळ, त्यावर एक बाभूळ,
तिची सावली चुकीच्या बाजूला.
मग काठ. काठावर पांढरे ठिपके,
बगळे, की वाळत घातलेले कपडे,
की कुंचला झटकला तेव्हा उडालेले थेंब,
आठ दिवस ठरत नव्हतं.
एकदोन ठिपके माझ्याच हातून पुसले गेले असतील.
हे मणियारांना सांगितलेलं नाही.

बघायला येणारे येत होते.
हिप्परग्याचा तलाव, बिराजदार सर म्हणाले, बांध दिसतो ना.
छे, कंबर तलाव, कमळं काढली नाहीत इतकंच.
कुणी म्हणालं, हे आपल्याकडचं नव्हेच,
एवढी ओल कुठे असते इथे?
मणियारांना नाव हवं होतं.
“साहेबाच्या मडमेनं काढलं म्हणा,
नाहीतर डिझाइन खात्यातल्या कुणीतरी.
कोपऱ्यात बारीक काहीतरी लिहून टाका, भाव येतो.”
मी खालचा कोपरा दाखवला.
तोही उंदरानं खाल्ला होता.

मग चित्र पालथं घातलं, भोकांना ठिगळ लावायला.
नायना खाटेवर होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
चाळीस वर्षं माग चालवलेले हात,
रिकामे बसवत नाही त्यांना, कशावरही फिरत असतात.
फिरले कॅनव्हासच्या पाठीवर.
थांबले.
“दोसुती. इंचाला बत्तीस. आपल्याकडचीच.”
“कशावरून?”
उत्तर नाही. नख एका जागी अडकलं होतं.
“इथं उभा तार तुटला होता. जोडलाय.
गाठ बघ, उलटी बसलीय.
डावखुरा होता.”

मी भिंग लावलं. राजगिऱ्याएवढी गाठ,
बरोबर तळ्याच्या मागे.
“कोण होता?”
“मला काय ठाऊक. माझ्या आधीचा.”
मग तेलुगूत काहीतरी पुटपुटले.
शिवी असावी, किंवा शाबासकी.
मागावर दोन्हीला एकच शब्द चालायचा.

ठिगळाचं सूत त्यांनीच निवडलं,
दातानं तोडून, ओठावर फिरवून.
आभाळाच्या जागी मी आभाळ काढलं नाही.
सपाट राखाडी भरली. लांबून जुळेल,
जवळ गेल्यावर कळेल, इथे काही होतं.
चिठ्ठीवर लिहिलं :
चित्रकार, माहीत नाही. जागा, माहीत नाही.
कापड, सोलापूर.
“कापडाला कोण विचारतंय?” मणियार म्हणाले,
सोलापुरात उभं राहून.

नेण्याआधी ते नायनांसमोर सरळ धरलं.
त्यांनी तोंड पुढे आणलं, वास घेतला.
“पाणी आहे का त्यात?”
“आहे,” मी म्हटलं. “थोडं.”
त्यांनी मान हलवली,
आणि हात
पुन्हा मागच्या बाजूला नेला.